लाल पट्टा त्यांचा, काळा माझा

रामदासपेठेतल्या दवाखान्यात शेवटच्या दुपारी सलाइनची नळी नीट करायला आलेल्या नर्सला आमचे हे म्हणाले, "बाई, जराशी ढील द्या. लय ओढून राहिली." ती बिचारी केरळची मुलगी. तिला ढील हा शब्द कुठून ठाऊक असणार... तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नळी थोडी सैल करा, एवढंच म्हणताहेत. तिने केली. ह्यांनी वर टांगलेल्या बाटलीकडे डोळे बारीक करून पाहिलं, "आता बरोबर" असं पुटपुटले आणि डोळे मिटून पडले. झोप लागलेली दिसली म्हणून मी चहा घ्यायला खाली गेले. वर आले तेव्हा तीच नर्स दारात उभी होती, आणि तिच्या तोंडाकडे पाहूनच मला कळलं. चहाचा ग्लास हातात तसाच राहिला. अशा वेळी माणसाच्या मनात काय काय येतं म्हणतात, पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की पाहा, आपली जरा पाठ वळली आणि ह्यांनी नेहमीसारखं न विचारता आपल्या मनाचं केलं.

आता तेरवी होऊनही बरेच दिवस लोटलेत. भेटायला येणारे कमी झालेत, आणि जे येतात ते म्हणतात, गुलाबरावांवर काहीतरी लिहा. चांगलं लिहा, असंही वर सांगतात. चांगलं लिहीनच, पण आधी खरं लिहिते, नाहीतर वाडीतले लोक म्हणतील की हे दुसऱ्याच कुणा गुलाबरावांबद्दल आहे. आमचे हे नागपूरजवळच्या वाडीला ट्रान्सपोर्टच्या एका गोदामात कारकून होते. घराणं उमरेडच्या विणकरांचं. सासरे शेवटपर्यंत मागावर बसले, ह्यांनी मात्र तरुणपणीच माग सोडला आणि अमरावती रोडवरच्या ट्रकांच्या धुराळ्यात नोकरी धरली. पण कारकून म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्यांची ओळख पतंगवाले गुलाबराव अशी. संक्रांतीच्या आधी महिनाभर त्यांच्या बोटांना मांजाच्या चिरा असायच्या, आणि त्या चिरांचं त्यांना इतकं कौतुक, की भात कालवताना तिखट झोंबलं तरी हू की चू करायचे नाहीत.

आता नागपुराबाहेरच्या वाचकांसाठी एक सांगायला हवं. आमच्याकडे पतंग एक आणि माणसं दोन. पुढचा माणूस पतंग उडवतो, मागचा चक्री धरतो. मांजा जिच्यावर गुंडाळलेला असतो ती चक्री. पुढच्याने ढील दिली की चक्री सैल सोडायची, त्याने खेचलं की भरभर गुंडाळायची, आणि दुसऱ्याची पतंग काटली की दोघांनी मिळून "ओ काट" ओरडायचं. पण काटणारा एकच असतो, तो पुढचा. चक्री धरणारी बहुतेक घरची बाई, बहीण नाहीतर बायको. आणि चक्री धरणाऱ्याने वर पाहायचं नसतं, हा खरा नियम. वर पाहिलं की मांजा गुंततो. उडवणाऱ्याच्या कोपराकडे पाहायचं, त्यावरून ढील की खेच ते ओळखायचं. मी माहेरी भावांची चक्री धरली, सासरी ह्यांची धरली. ह्यांनी किती पतंगी काटल्या ते सगळी वाडी सांगेल. मी त्यातली एकही पाहिलेली नाही. मला त्यांचं कोपर तेवढं पाठ आहे.

माझी आई जन्मभर कांड्या भरत आली. बाबा मागावर बसायचे, आई खाली बसून चरख्यावर सूत कांडीवर घ्यायची, आणि लुगडं झालं की लोक म्हणायचे, काय विणलंय हो तुमच्या बाबांनी. मला लहानपणापासून या गोष्टीचा राग. मी ठरवलं होतं की आपण लग्न झाल्यावर आपल्या घरची पतंग आपल्या हाताने उडवायची, माहेरी भावांची मक्तेदारी असेल तर असू दे. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसून, अंगावर हलव्याचे दागिने घालून मी मोठ्या आशेने गच्चीवर गेले. ह्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं, चांगली दिसतेस असं म्हणालेसुद्धा... आणि हातात चक्री दिली. "धर." एवढंच. हलव्याच्या बांगड्या चक्रीच्या दांड्याला लागून फुटल्या आणि मुंग्या झाल्या. पुढे एकदा मी सरळ विचारलं, की मला पाच मिनिटं दोरी द्या. ते म्हणाले, "तुहं बोट कापन वं." मी म्हटलं, तुमचं नाही का कापत? "मले आदत आहे." आदत पडायला आधी दोरी हातात यावी लागते, हे त्यांना समजावायला मी गेले नाही. पण ती एक गोष्ट मनात राहिली ती राहिलीच. संसारात मला फारसं काही कमी पडलं नाही. दोरी तेवढी मिळाली नाही.

मग अविनाश आला. हा ह्यांच्या उमरेडच्या बहिणीचा मुलगा. शिकून इंजिनियर झाला आणि कंपनीने त्याला जर्मनीला धाडलं. सुट्टीत आला तेव्हा मामासाठी एक छोटी पिशवी घेऊन आला. आम्हाला वाटलं रेनकोट असेल. पिशवीतून जे निघालं ते पाहून ह्यांचा चेहरा पडला. कापड होतं, निळं-पिवळं, सळसळणारं. कापडाला आत कप्पे शिवलेले, पुढून तोंडं उघडी. काडी एकही नाही. अविनाश म्हणाला, मामा, ही पतंग आहे, हिच्या कप्प्यांत हवा भरते आणि ही फुगून वर जाते. ह्यांनी कापड अंगठा आणि बोटात चोळून पाहिलं. माग सोडून जमाना झाला तरी ही सवय गेली नव्हती. "वीण घट्ट आहे," एवढंच प्रमाणपत्र दिलं. आमच्या खोल्यांचे मालक डोमाजी समोरच राहायचे. कुणाच्याही घरी काहीही आलं की ते पाहायला यायचे आणि मत देऊन जायचे. ते म्हणाले, "ही उशीची खोळ आहे गा. पोट्ट्याले तिकडं कोनं तरी फसवलं." आणखी एक चमत्कार म्हणजे त्या पतंगीला एक नव्हे, दोन दोऱ्या होत्या. प्रत्येक दोरीच्या टोकाला मनगटात अडकवायचा एक पट्टा, एक लाल, एक काळा. चक्री नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी अविनाश आईकडे उमरेडला निघाला. हे त्याला एस्टी स्टँडवर सोडायला गेले, पतंगीची पिशवी काखेत मारून. पिशवी कशाला, तर म्हणे त्याच्याकडून समजून घेतो, बसला वेळ आहे. मी तेव्हा बालवाडीत शिकवायची, सुट्टी नव्हती म्हणून गेले नाही. संध्याकाळी हे परत आले तेव्हा मी विचारलं, काय सांगितलं अविनाशने, दोन दोऱ्या कशाला आहेत? ह्यांनी चपला काढल्या, जोडीने भिंतीला लावून नीट ठेवल्या. हे काम त्यांनी आमच्या संसारात त्याआधी कधी केलेलं मला आठवत नाही. मग म्हणाले, "सांगतो ना. घाई काय आहे?"

त्यानंतर ह्यांना सकाळी फिरायला जायची हुक्की आली. जो माणूस कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत सायकल काढायचा, तो उजाडायच्या आत पिशवी घेऊन पायी बाहेर पडायला लागला. परत यायचे ते पॅन्टीला कुसळं लागलेली, कोपर खरचटलेलं. विचारलं तर दगडाला ठेचकाळलो. एका दिवशी नाक सोलून आले. मी म्हटलं, हा दगड बराच उंच दिसतो. ते टॉवेल घेऊन आंघोळीला गेले. डोमाजींनी मात्र बातमी आणली. "तुमचे हे गोदामाच्या मागच्या पटांगणात त्या कापडासंगं कुस्ती खेळून राह्यले. आन् कापड जिंकून राह्यलं." मला वाटलं, करताहेत तयारी, करू दे. हे पुढे कामाचं आहे म्हणून लक्षात ठेवा.

मग एका रविवारी सकाळी हे म्हणाले, "चाल." कुठे? "पटांगणात. हे दोघाचं काम आहे." आणि शाळामास्तरासारखं समजावून सांगितलं, की विलायती पतंग अशीच असते, एक दोरी एकाने धरायची, दुसरी दुसऱ्याने. "लाल पट्टा माहा, काळा तुहा." मला शंका आली का? अजिबात नाही. नागपुरात कधी कुणी एकट्याने पतंग उडवलेली पाहिली आहे का? डोमाजीसुद्धा म्हणाले, बरोबर आहे, तिकडं चक्री मिळत नसन, म्हून बाईच्या हाती दोरी देत असतीन. मी पदर खोचला आणि काळा पट्टा मनगटात घातला. अर्धी का होईना, दोरी होती.

गोदामांच्या मागे तेव्हा मोठं मोकळं पटांगण होतं. एका बाजूला ट्रक उभे असायचे, ड्रायव्हर लोक बाजेवर पडलेले, कुणी स्टोव्हवर भाजी करतोय, कुणी आंघोळ करतोय. म्हणजे प्रेक्षक तयारच. ह्यांनी आधी गोदामाच्या फाटकाच्या खिळ्याला दोन्ही दोऱ्या अडकवून ताणून पाहिल्या, लांबी सारखी आहे की नाही. इथे विणकराचा मुलगा जागा झाला. मागावर ताण्याचा एक उभा धागा जरी ढिला राहिला तरी कापड बिघडतं, तसंच हेही, म्हणाले. एक दोरी वीतभर लांब निघाली, ती गाठ मारून बरोबर केली. मग वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, पतंग समोर दूर जमिनीवर उताणी पसरायची, उडून जाऊ नये म्हणून मागच्या कडेवर चार विटांचे तुकडे ठेवायचे, आणि दोघांनी शेजारी उभं राहून एकदम मागे पावलं टाकायची. हे डावीकडे, मी उजवीकडे. ह्यांनी एक, दोन, तीन म्हटलं. पतंग फुगली, विटा झटकून उठली, माणसाच्या उंचीइतकी वर गेली आणि डावीकडे गर्रकन वळून नाकावर आपटली. ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या.

असं कितीदा झालं ते मोजलं नाही. दर वेळी हे मला दटावायचे, "तू काही करू नको. फक्त धरून राह्य." आणि मी खरंच काही करत नव्हते. जन्मभराची सवय. मी पट्टा चक्रीसारखा पोटाशी घट्ट धरून ह्यांच्या कोपराकडे पाहत उभी. ह्यांचीही सवय गेली नव्हती. वारा लागला आणि पतंग ओढू लागली की त्यांचा हात आपोआप ढील द्यायला पुढे जायचा. इथे ढील द्यायला मांजाच नाही, मग ते स्वतःच चार पावलं पुढे धावायचे. दोरी सैल पडली की पतंगीतली हवा जायची आणि ती खरोखरच डोमाजींच्या उशीच्या खोळीसारखी खाली यायची. एकूण, एक जण नको तिथे ढील देतोय आणि दुसरी पुतळा झालीय. शेवटी पतंग पुन्हा एकदा वर उठली, पुन्हा डावीकडे कलली, आणि ह्यांनी पुन्हा, "तू काही करू नको" म्हटलं. त्या क्षणी माझं डोकं फिरलं. मी कोपराकडे पाहायचं सोडून सरळ वर पाहिलं आणि काळी दोरी जोरात ओढली.

पतंग सरळ झाली. डोक्यावर, निळ्या आभाळात, पोट फुगवून स्थिर उभी राहिली. दोन्ही दोऱ्या तंबोऱ्यासारख्या गुणगुणायला लागल्या. मनगटाला असा हिसका बसत होता, की कुणी वरून हात धरून बोलावतंय. मी रडायला लागले की हसायला ते मलाच कळेना. ह्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. म्हणाले, "तुले कोनं सांगतलं खेचाले?" मी म्हटलं, "तिनंच." मग हळूच त्यांनी लाल दोरी ओढली, पतंग डावीकडे गेली. मी काळी ओढली, उजवीकडे आली. त्यांनी ओढलेलीच धरली तर ती गोल गिरकी घ्यायची. आम्ही खेळत बसलो. बाजेवरचा एक म्हातारा ड्रायव्हर उठून उभा राहिला होता, हे मी पाहिलं, कारण आता मला कुठेही पाहायची मोकळीक होती.

त्या दिवसापासून रविवार म्हणजे पटांगण. घरात ह्यांचीच सत्ता होती. भाजी कोणती, पाहुणे कधी, पंखा कितीवर, सगळं तेच ठरवायचे. पटांगणात मात्र निम्मं माझं. त्यांना डावीकडे जायचं असेल आणि मला उजवीकडे, तर पतंग मधे तशीच थरथरत उभी राहायची आणि खाली आमची जुंपायची. गिरक्या घेऊन घेऊन दोऱ्यांना पीळ पडला, की तो सोडवायचे दोन मार्ग. एक म्हणजे पतंगीला उलट्या गिरक्या द्यायच्या. हा शहाण्यांचा मार्ग, तो आम्हाला फार उशिरा सुचला. दुसरा, आम्ही दोघांनी एकमेकांभोवती फिरायचं. आम्ही हात वर करून, आभाळाकडे पाहत एकमेकांभोवती प्रदक्षिणा घालायला लागलो, की डोमाजी विचारायचे, "काहून गा गुलाबराव, पहिलं लगन पक्कं झालं नोहोतं काय?" पण एक बदल माझ्या कानाने टिपला. आधी हे चारचौघांत सांगायचे, मी उडवतो, मी काटली. आता घरी आलेल्या गोदामातल्या लोकांना सांगताना म्हणायचे, "आमी उडवतो." मी दाराआडून ऐकायची आणि पोळी करपू द्यायची.

एकदा तर कहर झाला. उन्हाळाभर आम्ही दोघं राहायला येतो असं हे मला न विचारता उमरेडच्या भावाला सांगून आले. मी अबोला धरला. त्यांनीही धरला. पण रविवार आला, आणि ही पतंग एकट्याने उडणारी नव्हे अशी माझी समजूत, तेव्हा आम्ही तोंडं फुगवून पटांगणात गेलो. पतंगही त्या दिवशी कुणाचं ऐकेना. खाली आली ती नेमकी कापसाच्या गाठी भरलेल्या एका ट्रकवर, आणि ताडपत्रीच्या दोरखंडात अडकली. आम्ही दोघंही वर पाहतोय, कोण काढणार? विचारायचं तर बोलावं लागणार. तेवढ्यात ट्रक सुरू झाला. ड्रायव्हरला कल्पना नाही. ट्रक हळूहळू फाटकाकडे निघाला आणि त्याच्यामागे मनगटात पट्टे अडकवलेले आम्ही दोघं, आधी चालत, मग भरभर, मग चक्क धावत. पट्टा मनगटातून काढणं एका झटक्याचं काम होतं. पण मी सोडला तर दोरी सोडली मी, असं होणार. त्यांनी सोडला तर त्यांनी. साडीचा काष्टा मारलेली मी आणि धापा टाकणारे हे, अमरावती रोडपर्यंत असेच गेलो. तिथे कुणीतरी "सोड" म्हणालं आणि कुणीतरी "तुमी सोडा" म्हणालं. आधी कोण बोललं, यावर आमचा शेवटपर्यंत वाद होता. ते म्हणायचे तू, आणि मी छातीठोक सांगते, ते. ट्रकच्या सरदारजी ड्रायव्हरने आरशात पाहिलं, ट्रक थांबवला, खाली उतरला, आमच्याकडे नीट पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "बहनजी, पहले कौन छोड़ेगा, ये तय कर लो. फिर मैं चलूँ. माल शाम तक पहुँचाना है." आम्ही रस्त्याच्या कडेला बसून इतके हसलो, की अबोला कुठे गेला ते कळलं नाही. उमरेडला आम्ही उन्हाळाभर नाही, चारच दिवस गेलो.

अशी बरीच वर्षं गेली. मधल्या काळात ह्यांचं पोट वाढलं, माझे गुडघे दुखायला लागले, पटांगणाच्या कडेला नवी गोदामं उठली. गेल्या पावसाळ्यानंतर ह्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं, धावपळ बंद केली. तरी एका रविवारी ते खुर्ची घेऊन पटांगणात आले आणि बसून लाल दोरी धरली. ती आमची शेवटची पतंग. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर मी भांडले नसते... पण नाही, भांडलेच असते. न भांडता ती वरच जात नव्हती.

अविनाशला यायला जमलं ते तेरवीनंतर बऱ्याच दिवसांनी. आल्या आल्या मामाच्या फोटोसमोर उभा राहिला, रडला. मग चहा पिताना त्याने विचारलं, "मामी, ते पतंग उडवत होते काय मामा?" मी म्हटलं, "आमी उडवत होतो." तो म्हणाला, "म्हंजे? आळीपाळीनं?" मी म्हटलं, आळीपाळीनं कशाला, दोघं मिळून, लाल पट्टा त्यांचा, काळा माझा. आणि अंगणात उभी राहून त्याला दाखवलंसुद्धा, कसे उभे राहायचो ते. तो आधी हसला. मग हसायचा थांबला. "मामी, हे तर एकट्याचीच असते. एका हातात लाल, एका हातात काळा. मी स्टँडवर मामाच्या दोन्ही हातात पट्टे घालून दाखवलं होतं. त्यायनं बसच्या मागं उभं राहून हात हालवून मले करूनबी दाखवलं. म्हणे, समजलं गा, सायकलच्या हँडलसारखं."

मी चुलीवर... म्हणजे गॅसवर दूध ठेवलं होतं ते उतू गेलं. म्हणजे ह्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून, चपला नीट लावल्या तेव्हापासून. माझ्यासमोर ते उजाडायच्या आतलं फिरणं आलं, सोललेलं नाक आलं. आता प्रश्न असा, की ह्यांनी हे केलं कशासाठी? अविनाशचं म्हणणं, मामाने तुमच्यासाठी केलं, तुमच्या हाती दोरी द्यायची होती आणि तोंडाने द्यायची लाज वाटली. डोमाजी आता पार थकलेत, पण मत द्यायचं सोडलेलं नाही. ते म्हणाले, "काही नाई वं. त्याले एकट्याले जमली नाई, म्हून तुले जुंपलं." आणि माझ्या मनात तिसरंच येतं. ह्यांनी मला अर्धी दिली, की माझी अर्धी ठेवून घेतली? संपूर्ण दोरी माझ्या हातात देता आली असती ना? की तेवढं मन झालं नाही? की एकटीच्या हाती दिली तर ही एकटीच उडवेल आणि आपण मागे उभे राहू, ही भीती वाटली? गॅस संपतो, नळाला पाणी येत नाही, त्या दिवशी मला खात्री वाटते की ठेवूनच घेतली. एरवी वाटतं, दिली. माझा जन्म गेला या माणसाशी भांडण्यात आणि नेमकं भांडायला हवं ते भांडण राहून गेलं. याचा मला फार राग येतो, आणि राग आला की रडू येतं. ते जिवंत असते आणि विचारलं असतं, तरी काही सांगितलं नसतंच म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अविनाश म्हणाला, चला मामी, तुम्हाला एकटीने उडवायची शिकवतो. मी आधी नको म्हटलं, मग निघाले. हौस होती, खोटं कशाला बोलू? पटांगण आता निम्मंच उरलंय, पण वारा तोच आहे. अविनाशने पतंग पसरली, विटा ठेवल्या, आणि दोन्ही पट्टे माझ्या दोन्ही मनगटांत घातले. मी मागे दोन पावलं टाकली आणि ती एका झटक्यात वर गेली. आपटली नाही, कलली नाही. उजवा ओढला की उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे, कुणाचा वाद नाही, कुणाची हुज्जत नाही. सगळी पतंग माझी एकटीची. मी मान वर करून पाहत राहिले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अविनाश खूश झाला. म्हणाला, मामी, तुम्हाला तर शिकवायची गरजच नाही. मग जरा वेळाने तो माझ्याकडे निरखून पाहायला लागला.

"मामी, डावा हात जवळ घ्या ना. एवढा लांब काहून धरून राह्यल्या? खांदा दुखन तुमचा."

मी पाहिलं. उजवा हात अंगाशी होता. डावा, लाल पट्ट्याचा, बाजूला पार लांब केलेला होता, कुणाला वाट द्यावी तसा.

"तिथं तुहे मामा उभे राह्यतेत गा," मी म्हटलं. "पोट आहे त्यायले. जागा लागते."